विला ब्रूस यांची किनाऱ्यावरची जागा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस शहराच्या नैऋत्येला, मॅनहॅटन बीच नावाचे एक छोटे शहर आहे. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन वेगळे आणि हे वेगळे. लोकसंख्या सुमारे ३५ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण या गावात घर घ्यायचे म्हटले तर आजचा सर्वसाधारण भाव ३० लाख डॉलरच्या आसपास आहे. रुपयांत सांगायचे तर २५ कोटींच्या वर! हा झाला आतल्या गल्लीतल्या घराचा भाव. वाळूला लागून 'द स्ट्रँड' नावाचा पायी फिरण्याचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर तोंड असलेल्या घरांचे आकडे कोटी डॉलरच्या पुढे जातात. आणि जागा केवढी? प्लॉटची रुंदी ३३ फूट. आपल्या चाळीतल्या तीन खोल्या शेजारी शेजारी मांडल्या की जेवढी होते तेवढी.

आम्ही कचेरीत हिशेब लिहिणारी माणसे. एवढ्या जागेला एवढी किंमत का, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. दलाल मंडळी सांगतात की समुद्र आहे, सूर्यास्त दिसतो, शाळा उत्तम आहेत, शेजार चांगला आहे. शाळा चांगल्या म्हणून घरांना भाव, आणि घरांना भाव देणारे पालक आले म्हणून शाळांना भरघोस देणग्या, असे चक्र फिरत राहते. जाहिरातीत मात्र या सगळ्यावर एकच शब्द असतो: 'एक्सक्लुझिव्ह'. हा शब्द आता आपल्याकडील बिल्डरांच्या फलकांवरही दिसतो. 'खास' असा त्याचा अर्थ आपण घेतो. मुळात तो वगळण्याचा शब्द आहे. कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय वस्ती 'एक्सक्लुझिव्ह' होत नाही. मॅनहॅटन बीचमध्ये कोणाला बाहेर ठेवले, कसे ठेवले, याची नोंद कागदोपत्री आहे. म्हणूनच ही हकिकत आपल्या समाजबांधवांनी, विशेषतः माता-भगिनींनी वाचावी असे आम्हांस वाटते.

सन १९१२. कॅलिफोर्नियाचा किनारा तेव्हा ओसाड वाळूचा होता आणि प्लॉट स्वस्त होते. विला ब्रूस या कृष्णवर्णीय बाईने मॅनहॅटन बीचमध्ये अगदी समुद्रासमोरचा एक प्लॉट १,२२५ डॉलरला विकत घेतला. त्यांचे पती चार्ल्स रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये आचारी होते, सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस या मार्गावर. नवरा रेल्वेत फिरतीवर, घर आणि धंदा बाईच्या हाती, हे चित्र आपल्याला काही परके नाही. कृष्णवर्णीयांना त्या काळी बहुतेक किनाऱ्यांवर पाय ठेवू देत नसत. इतर ठिकाणी जागा घ्यायला गेले तर नकारच मिळतो, पण ही जागा आमची आहे आणि ती आम्ही सोडणार नाही, असे विलाबाईंनी त्याच वर्षी एका वार्ताहराला स्पष्ट सांगितले होते.

त्यांनी सुरुवात लहान केली. खाण्यापिण्याचे एक दुकान, कपडे बदलण्याची खोली, पोहण्याचे कपडे भाड्याने. पुढे भोजनगृह झाले, नाचगाण्याचा हॉल झाला, १९२० मध्ये शेजारचा दुसरा प्लॉट घेतला. लॉस एंजेलिसमधील कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबे सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह येऊ लागली. काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी आसपास स्वतःचे प्लॉट घेऊन घरे बांधली. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले मेजर जॉर्ज प्रायोलो यांचे कुटुंब होते. लोक त्या किनाऱ्याला 'ब्रूसेस बीच' म्हणू लागले.

आता शेजाऱ्यांचे वागणे पाहा. समोरच्या वाळूची पट्टी गावच्या एका बड्या जमीनमालकाची होती. 'प्रवेश बंद'चे फलक लागले आणि विलाबाईंच्या गिऱ्हाइकांना समोर दिसणाऱ्या समुद्रात पाय बुडवण्यासाठी अर्धा मैल वळसा घालावा लागू लागला. पण लोक वळसा घालून गेले. मग परत येईपर्यंत त्यांच्या मोटारींच्या टायरमधील हवा काढलेली असे. रस्त्यावर '१० मिनिटेच गाडी उभी करता येईल' असे खोटे फलक उभे राहिले. इमारतीच्या लाकडी ओट्याखाली गादी पेटवून देण्याचा प्रकारही झाला. हे काम पांढऱ्या बुरख्यातल्या कू क्लक्स क्लॅनचे, असे त्या वेळचे लोक सांगत. तरीही ब्रूस कुटुंब हलले नाही. आमच्या मते गोष्टीतला खरा धोक्याचा वळसा इथे आहे. गुंडगिरीने जे साधले नाही ते पुढे ठरावाने साधले.

१९२४ मध्ये नगरपालिकेला एकाएकी सार्वजनिक उद्यानाची गरज वाटू लागली. गावात मोकळ्या जागेचा तुटवडा नव्हता. पण उद्यान हवे ते नेमके ब्रूस यांच्या दोन प्लॉटांवर आणि त्यांच्या लगतच्या कृष्णवर्णीयांच्या घरांवर. एकूण सुमारे ३० प्लॉट सक्तीने संपादन करण्याचे ठरले. त्यांतील बहुतेक रिकामे व गोऱ्यांच्या मालकीचे होते. घरे उभी होती ती कृष्णवर्णीयांची. सार्वजनिक कामासाठी खाजगी जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार तिथेही आहे, इथेही आहे. धरण, रेल्वे, रस्ता यांच्या नावाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना हा अधिकार कसा चालतो ते आम्ही सांगायला नको.

ब्रूस कुटुंब कोर्टात गेले. त्यांनी जागेची किंमत ७० हजार डॉलर आणि झालेल्या हानीबद्दल ५० हजार, अशी एकूण १ लाख २० हजारांची मागणी केली. १९२७ मध्ये इमारती पाडून टाकण्यात आल्या. १९२९ मध्ये त्यांच्या पदरात पडले १४,५०० डॉलर. गावात दुसरीकडे तसा धंदा पुन्हा उभा करता येईना. ज्या बाईने स्वतःचे भोजनगृह चालवले तिने आणि तिच्या पतीने उरलेले आयुष्य लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्यांच्या खानावळीत स्वयंपाक करण्यात काढले.

आणि ते उद्यान? घरे पाडल्यावर जागा कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. पन्नाशीच्या दशकात कोणाच्या तरी लक्षात आले की ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण पूर्ण केले नाही, तर जुने मालक दावा लावतील. त्यानंतर हिरवळ लावण्याची घाई झाली!

१९२७ हे साल आले की आपल्या मनात एकच नाव येते, महाड. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलै १९२७ मध्ये, मॅनहॅटन बीचवर कृष्णवर्णीयांच्या एन. ए. ए. सी. पी. या संघटनेचे लोक समुद्रात उतरले आणि पकडले गेले. त्यांत लॉस एंजेलिस शाखेचे अध्यक्ष, व्यवसायाने दंतवैद्य असलेले डॉ. एच. क्लॉड हडसन होते. त्याआधी कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला पोहली म्हणून अटक झाली होती आणि ओल्या कपड्यांनिशी कोठडीत बसवले होते.

या दोन लढ्यांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. पण पाण्यावर हक्क सांगणाऱ्यांची युक्ती दोन्हीकडे इतकी सारखी की आम्ही थक्क झालो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळी कोर्टात गेली ती तळे सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे, असे म्हणत. मॅनहॅटन बीचच्या नगरपालिकेने तर सार्वजनिक किनारा एका खाजगी गोऱ्या माणसाला अवघ्या १ डॉलरच्या भाड्याने देऊन टाकला, म्हणजे त्याने 'माझ्या जागेत घुसू नका' म्हणायचे आणि पोलिसांनी पकडायचे! सगळ्यांचे पाणी कागदावर एकाचे करायचे, मग स्पर्शाचा किंवा रंगाचा शब्दही काढावा लागत नाही. तिथे अटकेनंतर गवगवा झाला, भाडेपट्टा रद्द झाला आणि किनारा सर्वांना खुला राहिला. चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने मुंबई हायकोर्टात लागायला मार्च १९३७ उजाडावे लागले.

समुद्र खुला झाला, पण जागा गेली ती गेली. नंतर कृष्णवर्णीयांनी तिथे पुन्हा प्लॉट का घेतले नाहीत, असे कोणी विचारील. त्या काळात अमेरिकेभर खरेदीखतातच अट घालत असत की ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कोणास विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, कोणास राहू देता येणार नाही. एका माणसाला मात्र त्यात सूट असे: घरगडी म्हणून राहणाऱ्याला! म्हणजे भांडी घासायला चालेल, मालक म्हणून चालणार नाही. ज्यांच्या घरातील माताभगिनी बड्या सोसायट्यांत काम करतात त्यांना या अटीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत असा निकाल दिला. घर विकताना वा भाड्याने देताना वंश पाहणे बेकायदा ठरवणारा देशव्यापी कायदा व्हायला १९६८ साल लागले. मध्यंतरी कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये स्वतःचा असा कायदा केला होता, तर १९६४ मध्ये तिथल्याच मतदारांनी सार्वमत घेऊन तो उडवला, आणि ते सार्वमत पुन्हा सुप्रीम कोर्टाला १९६७ मध्ये रद्द करावे लागले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी निवासातून कसे बाहेर काढले, हे प्रत्येक बौद्ध घरातील मूल जाणते. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपनियम ग्राह्य धरला. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती जपावीशी वाटली तर ते आम्ही समजू शकतो. पण तोच आधार घेऊन उद्या बलवान समाजाने दार लावले तर आडनाव सांगून परत फिरणारा माणूस दाद कोठे मागणार?

पुन्हा मॅनहॅटन बीचकडे येऊ. निर्बंध कायद्याने संपले तेव्हा भाव निर्बंधाचे काम करू लागले. १९२४ ते १९६८ या काळात ज्यांनी तिथे घरे घेतली त्यांची मुले-नातवंडे त्या घरांवर कर्ज काढून शिकली, एक घर विकून दोन झाली. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये आणखी एक नियम झाला. घरपट्टी बाजारभावावर न बसता खरेदीच्या किमतीवर बसते आणि तिची आकारणी वर्षाला फार तर २ टक्के वाढते. जुन्या मालकाला घर धरून ठेवणे सोपे, नव्याला आत शिरणे अवघड. आज त्या गावात कृष्णवर्णीय १ टक्काही नाहीत. कोणी फलक लावलेला नाही. फलकाची जरूरच उरलेली नाही.

तरी काही ठिकाणी फलक अजून निघतातच. कॅलिफोर्नियात ओल्या वाळूपर्यंतचा किनारा जनतेचा, असा नियम आहे. १९७६ चा किनारा कायदा जनतेचा वाट-हक्क राखतो. पण मॅनहॅटन बीचच्या वायव्येला असलेल्या मालिबू या सिनेतारकांच्या वस्तीत घरमालकांनी 'पार्किंग मनाई'चे खोटे फलक आणि गाडी उभी राहू नये म्हणून गॅरेजचे खोटे दरवाजे लावल्याची प्रकरणे गाजली. हॉलिवूडमधील एका बड्या निर्मात्याने बांधकाम परवानगीच्या बदल्यात समुद्राकडे जाणारी वाट देण्याचे १९८३ मध्ये कबूल केले आणि ती प्रत्यक्ष उघडली २००५ मध्ये. विलाबाईंच्या गिऱ्हाइकांपुढचा १० मिनिटांचा फलक ऐंशी वर्षांनी चार मैल नाही, पण फार दूरही गेला नव्हता.

ब्रूस यांची गोष्ट गावाने जवळजवळ पुसली होती. १९५६ मध्ये गावातील रॉबर्ट ब्रिगम या गोऱ्या शिक्षकाने पदव्युत्तर प्रबंधासाठी कागदपत्रे व जुन्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या, म्हणून ती राहिली. पुढे कृष्णवर्णीय इतिहासकार अ‍ॅलिसन रोझ जेफरसन यांनी त्या किनाऱ्यांवर पुस्तक लिहिले. गावात निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी मिच वॉर्ड यांच्या पुढाकाराने २००६-०७ मध्ये उद्यानाला 'ब्रूसेस बीच' नाव मिळाले. पाटी बसली, पण पाटीवर श्रेय मात्र त्या बड्या जमीनमालकाच्या मोठ्या मनाला! वर्णन असे की जणू त्याच्या कृपेने किनारा सर्वांस खुला झाला. शोषिताच्या नावाच्या पाटीवर शोषकाचा गौरव, हेही आपल्याला अनोळखी नाही.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसी हत्येनंतर अमेरिका पेटली. त्या दिवसांत मॅनहॅटन बीचमध्ये राहणाऱ्या कॅव्हॉन वॉर्ड या कृष्णवर्णीय आईने जूनमध्ये त्याच उद्यानात सहभोजन भरवले आणि नुसते नाव नको, जमीन परत द्या, अशी मागणी पुढे केली. मोठी संघटना हाताशी नव्हती. सह्या, सभा, वर्तमानपत्रे, हीच साधने. जागेचे कागद तपासता कळले की ब्रूस यांचे मूळ दोन प्लॉट १९४८ मध्ये राज्याकडे आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीकडे गेले आहेत, आणि तिथे जीवरक्षकांचे कार्यालय आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी व्यवस्था. तिथल्या पर्यवेक्षक जॅनिस हान यांनी जमीन परत करण्याची तयारी दाखवली. पण हस्तांतरणावर राज्याचे निर्बंध होते. ते उठवणारे विधेयक सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांनी आणले आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली.

त्यानंतर काउंटीने काय विचारले? वारस कोण, हे सिद्ध करा. नव्वद वर्षांपूर्वीच्या जोडप्याचे कायदेशीर वारस शोधून त्यांचे जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले जुळवण्यात महिने गेले. अखेर दोन पणतू वारस ठरले आणि २० जुलै २०२२ रोजी खरेदीखत त्यांच्या हाती आले. सरकारने काळ्या कुटुंबाची वंशभेदाने घेतलेली जमीन अशी परत केल्याचा हा पहिलाच प्रकार, असे तेथील लोक म्हणतात. इथे आम्ही थोडे विषयांतर करतो. आपल्या किती घरांत आजोबांच्या नावावरचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आहे? १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, जमिनी नवीन शर्तीवर फेर दिल्या गेल्या, आणि वारसनोंद न केल्यामुळे कितीतरी तुकडे परक्याच्या वहिवाटीत गेले. मुंबई-पुण्यात नोकरीस आलेल्या भावांनी गावच्या तलाठ्याकडे एक फेरी मारून फेरफार पाहावा. एखाद्या दिवसाची रजा लागेल, लागू दे.

जमीन मिळाली, तिचे ब्रूस कुटुंबाने काय केले? प्रथम काउंटीलाच वर्षाला ४ लाख १३ हजार डॉलर भाड्याने दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये सुमारे २ कोटी डॉलरला काउंटीलाच विकण्याचे जाहीर केले. अनेकांनी नावे ठेवली. एवढ्या लढ्याने मिळवलेली जागा विकली, म्हणाले. आम्हांस तो दोष त्यांच्या माथी मारणे पटत नाही. जागा नगरपालिकेच्या आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी राखलेली होती. तिथे हॉटेल किंवा घर बांधायचे तर त्याच गावच्या नगरपालिकेपुढे हात जोडावे लागले असते. धंदा चालवण्याची मुभा नसलेली जमीन म्हणजे नुसता कागद. ज्याला भुकेची जाणीव नाही तोच दुसऱ्याला सांगतो की तू प्रतीक जपून ठेव.

हिशेब मात्र करून पाहू. १९२९ चे १४,५०० डॉलर आणि २०२३ चे २ कोटी डॉलर. ९४ वर्षांत चक्रवाढीने साधारण ८ टक्के दर पडतो. दिसायला बरा आहे. पण मूळ १४,५०० हीच तर फसवणूक होती. ब्रूस यांनी मागितलेले जागेचे ७० हजार धरून तोच दर लावला तर रक्कम ९ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात जाते. आणि शंभर वर्षांचा धंदा, त्यातून शिकली असती ती मुले, उघडली असती ती दुसरी हॉटेले, ही रक्कम आमच्या कीर्दखतावणीत कोणत्या खात्यावर टाकायची?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते, तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला विलाबाई आपल्या भोजनगृहाचा गल्ला मोजत होत्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले. आज कॅलिफोर्नियात आपले बांधवही नोकरी-धंद्यानिमित्त राहतात. घर भाड्याने घेताना, नोकरीत, जातीवरून भेद करण्यास स्पष्ट बंदी घालणारे विधेयक तिथल्या विधिमंडळाने २०२३ मध्ये मंजूर केले. गव्हर्नर तेच, न्यूसम. ब्रूस यांच्या विधेयकावर सही करणाऱ्या हाताने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हे विधेयक परत पाठवले. आधीच्या कायद्यात वंशपरंपरेवरून भेदाला बंदी आहेच, ती पुरेशी आहे, असे कारण दिले. रंगाचा अन्याय समजायला तिथे शंभर वर्षे लागली. जातीचा अजून समजावून सांगावा लागणार आहे.

मॅनहॅटन बीचच्या नगरपालिकेने २०२१ मध्ये १९२४ च्या कृत्याचा धिक्कार करणारे निवेदन मंजूर केले, पण 'माफी' हा शब्द घालण्यास नकार दिला. माफी मागितली तर दावे येतील, अशी भीती काही सभासदांना होती. २०२३ मध्ये उद्यानात नवी पाटी बसली; तीवर ब्रूस यांच्यासह तिथून काढलेल्या इतर कृष्णवर्णीय कुटुंबांचाही इतिहास आहे. त्या कुटुंबांच्या वारसांना जमीन मिळालेली नाही. ब्रूस यांचे प्लॉट काउंटीकडे गेले होते म्हणून सुटले. प्रायोलो आणि इतरांचे प्लॉट उद्यानाच्या हिरवळीखाली आहेत आणि ते उद्यान नगरपालिकेच्या मालकीचे आहे. उद्यानाच्या दोन्ही अंगांना कोट्यवधी डॉलरची घरे आहेत, आणि मधली हिरवळ असल्यामुळे मागच्या घरांतून समुद्र छान दिसतो. त्या देखाव्याचाही भाव घरांच्या किमतीत धरलेला असतो.